कॅनडात आदिवासींना कॉलेज फुकट? खुलासा

कॅनडात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या कानावर कधी ना कधी हे पडतंच : "इथल्या आदिवासींना कॉलेज फुकट असतं. लाखोंनी फी भरायची ती आपणच!" वर्षानुवर्षं फिरणारी ही समजूत चुकीची आहे.

केंद्र सरकारची उच्चशिक्षण मदत योजना आहे, पण ती नोंदणीकृत, म्हणजे सरकारी नोंदीत नाव असलेल्या फर्स्ट नेशन्स (कॅनडातल्या आदिवासींचा सर्वांत मोठा गट) विद्यार्थ्यांसाठी. पैसे सहसा त्या त्या समाजाच्या प्रशासनाकडे जातात आणि कुणाला किती द्यायचे ते तिथे ठरतं. अर्ज जास्त, रक्कम तेवढीच, म्हणून प्रतीक्षायादी. १९९६ पासून वीसेक वर्षं या निधीची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखून धरली होती. विद्यार्थी वाढायचे थोडेच थांबले होते! नोंदणी नसलेल्यांना या योजनेतून छदामही नाही, मेटिसांनाही (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाला) नाही. मेटिसांसाठी वेगळी तरतूद व्हायला २०१९ उजाडलं. आदिवासी मुलांना सक्तीने ठेवलेल्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५ मधल्या ९४ शिफारशींपैकी ११वी हीच : ताटकळलेल्या फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांसाठी पुरेसा निधी द्या. सगळं फुकट असतं तर ही शिफारस कशाला लागली असती?

त्याआधीचा इतिहास तर उफराटाच. १८७६ च्या इंडियन ॲक्टनुसार (इथे 'इंडियन' म्हणजे भारतीय नव्हे, कॅनडातले आदिवासी) विद्यापीठाची पदवी घेतली की 'इंडियन' हा कायदेशीर दर्जाच जायचा.

त्यामुळे कॉलेजात आदिवासी संबंध आणि सलोख्याचं काम बघणाऱ्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे समारंभात "ही भूमी अमुक आदिवासी समाजाची" एवढं म्हणून भागत नाही. मदतीचं पत्र आलेलं नाही आणि फीची मुदत उद्या संपतेय, अशा विद्यार्थ्याचं नाव पटावरून उडू नये म्हणून फी विभागाशी हुज्जत घालणं, हेही त्यातच आलं.