याद्या भरल्या, चढण राहिली

मृगाचा पाऊस लागला, ओढे खळाळू लागले की मुळशी-मावळात माणसं रात्री बत्ती घेऊन भातखाचरांच्या बांधावर जातात. नदीतले बारके मासे प्रवाहाच्या उलटे ओढ्यात आणि तिथून खाचरात शिरत असतात. हे चढणीचे मासे. पोटात गाभोळी भरलेली, म्हणून खवय्यांना त्यांचं अप्रूप. मासा अंडी घालायला कधी आणि कुठे जातो, हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. कागदावर ते फार उशिरा आलं.

कागदावर आधी आली ती नावं. कर्नल विल्यम सायक्स १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची वर्णनं छापली. कानावर पडलेली मराठी नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. मळ्या झाला ‘मुल्या’, शिंगाळा झाला ‘सीनघाला’, खरपा झाला ‘कुरपा’. नाकाडावर खाच आणि वर शिंगासारखा उंचवटा असलेल्या माशाला त्याने ‘नुक्ता’ म्हटलं. तो आपला नकटाच असणार. दख्खनी महसीर, म्हणजे त्याचा ‘खुद्री’, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला.

पुढे यादी वाढत गेली. फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या एका चिमुकल्या मुऱ्याला, म्हणजे तळाशी राहणाऱ्या बारक्या माशाला, कर्नल एव्हझार्डचं नाव दिलं. प्राणिशास्त्रज्ञ ॲननडेलने १९१९ मध्ये पुणे-साताऱ्याकडच्या लहान ओढ्यांतले मासे तपासले. सुंदरलाल होरांनी १९३८ मध्ये दगडाला चिकटून राहणाऱ्या एका मांजरमाशाला ‘पूनाएन्सिस’, म्हणजे ‘पुण्याचा’, केलं आणि १९४२ मध्ये फ्रेझरने खास पुण्याच्या माशांवर लिहिलं. एका शहराभोवतीच्या पाण्याची इतकी जुनी नोंद असणं हे भाग्यच. पण यादी सांगते ‘आहे’ किंवा ‘नाही’. किती आहेत, त्यांत पिल्लं किती, माद्या किती, हे ती सांगत नाही.

ओढ्यातल्या माशाच्या बाबतीत हा प्रश्न सोपाही नाही. वैशाखात ओढा तुटतो आणि उरलेले मासे चार-दोन डोहांत कोंडले जातात. तिथे जाळं टाकलं तर मासेच मासे. पाऊस पडला की तेच मासे मैलभर पसरतात. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरताना पिल्लं खाली उतरतात. म्हणजे मोजणी कुठल्या महिन्यात केली यावर उत्तर बदलतं. त्यात वयाचा घोळ. थंड प्रदेशातल्या माशाच्या खवल्यावर हिवाळ्याची वलयं उमटतात. आपल्याकडे ती तितकी स्पष्ट नसतात. मग महिन्यामागून महिना शेकडो माशांची लांबी मोजून पिढ्या ओळखायच्या, आणि शरीराच्या वजनात अंडाशयाचा वाटा किती हे पाहून विणीचा हंगाम ठरवायचा. बोटभर माशासाठी एवढा खटाटोप करायला पैसे कोण देणार?

पैसे मिळाले ते मोठ्या माशाला. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. त्यामागे मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णींचा अभ्यास होता. दख्खनमधल्या, दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या माशाला १९५२ मध्ये ‘खवलचोर’ हे शास्त्रीय नाव देणारे तेच. बारके मासे मात्र बाजारात आणि बऱ्याचदा अहवालांतही ‘इतर’ राहिले. २००३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बदलत्या मत्स्यवैविध्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा जुन्या याद्यांशीच ताडून पाहावं लागलं. मोजणीचे जुने आकडे नव्हतेच. पुढच्याच वर्षी पश्चिम घाटाच्या आढाव्यात गोड्या पाण्यातल्या माशांच्या २८८ जाती मोजल्या गेल्या. त्यांतल्या ११८ इथल्याच, जगात इतरत्र नाहीत.

दरम्यान चढणीची वाट अडली होती. खडकवासल्यापासून धरणं झाली, ओढ्यांना सिमेंटचे काठ आले, खाचरांवर प्लॉट पडले. आणि डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेले गप्पी मासे शहरातल्या नाल्यांत ठाण मांडून बसले. गप्पीला मृगाची वाट पाहावी लागत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत, आणि नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकटी मादी वाहून नव्या डबक्यात पोचली तरी तिथे वसाहत उभी राहू शकते. मुऱ्याला मात्र अजून पहिल्याच पुराचा गढूळ लोंढा लागतो.