पेशींमागचे लोहकण: निवड सुटली, छायाचित्रण अडले

हव्या त्या पेशींना लोहकण चिकटवून त्या चुंबकाने निवडण्याचे काम १९७०च्या दशकातल्या नॉर्वेतल्या पॉलिस्टायरीन मण्यांपासून मार्गी लागले. मणी सगळे एका मापाचे, आत लोह भरलेले, पण काही मायक्रॉन जाडीचे. निवडलेल्या पेशींवरून ते सोडवावे लागत. १९९०च्या सुमारास जर्मनीत सुमारे ५० नॅनोमीटरचे कण वापरात आले. इतक्या बारीक कणांना साधा चुंबक पुरत नाही, म्हणून नळीत पोलादी लोकर कोंबून ती चुंबकात धरली. पेशी लोकरीला अडकतात. नळी बाहेर काढून धुतली की खाली उतरतात. कण पेशीवर राहिले तरी चालते.

छायाचित्रणाची, म्हणजे लोहकण घातलेल्या पेशी शरीरात कुठे गेल्या हे एमआरआयने पाहण्याची, गोष्ट इतकी सरळ नाही. १९९६ साली अमेरिकेत डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण असलेल्या आयर्न ऑक्साइडला यकृताच्या एमआरआयसाठी मान्यता मिळाली. पेशींचा माग काढणाऱ्यांनी ते परस्पर उचलले, प्रोटामाइन या प्रथिनाच्या मदतीने पेशींत घातले. २००५ साली नेदरलँड्समध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना अशा खूण केलेल्या प्रतिकारपेशी लसीकाग्रंथीत टोचायच्या होत्या. सोनोग्राफी पाहत टोचूनही चौघांत सुई ग्रंथीत पोचलीच नव्हती. त्याच पेशींवरच्या किरणोत्सारी खुणेच्या स्कॅनला ही चूक दिसली नव्हती, एमआरआयला दिसली.

आणि २००८ मध्ये उत्पादकाने हेच औषध बंद केले. कारण खपाचे. लोहाचे औषध अर्धा तास सलाइनमधून द्यावे लागे, काहींची पाठ दुखे. गॅडोलिनियम हे एमआरआयचे दुसरे औषध सुईने क्षणात जाई. यकृतापुरता हा हिशेब बरोबरच होता. पण मानवी वापराची मान्यता असलेला कण गेल्यावर पेशींचा माग काढणारे प्रयोग रुग्णांपर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न कोणाच्याच ताळेबंदात नव्हता. टीकाकार म्हणत, नाही तरी पेशी मेल्यावर लोह भक्षकपेशी गिळतात आणि एमआरआयवर लोहाचा काळा ठिपका तसाच राहतो. आक्षेप खरा आहे. मात्र सुई चुकली की नाही हे पाहायला तो आड येत नाही.

२००९ साली मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी दुसरे लोहऔषध आले. तेही परस्परच उचलले गेले. २०१२ पर्यंत रक्त गोठू न देणारे हेपरिन आणि प्रोटामाइन मिसळून ते पेशींत घालण्याची कृती प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये जीवघेण्या ॲलर्जीमुळे त्याच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा चढला आणि ते पातळ करून किमान १५ मिनिटे देण्याचे बंधन आले. खूण केलेल्या एका पेशीतले लोह पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग) मोजतात, त्यामुळे या इशाऱ्याचा तिथे फारसा संबंध नाही.

दरम्यान निवडीचे काम विनातक्रार पुढे गेले: २००४ पासून अमेरिकेत ७.५ मिलिलिटर रक्तातल्या कर्करोगपेशी चुंबकाने वेचून मोजल्या जातात.