कॅल्क्युलिक्स

परिमित घटक पद्धतीने (फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे लहान तुकडे म्हणजेच ‘घटक’ पाडून) यंत्रभागांतील प्रतिबल (स्ट्रेस), विरूपण, कंपने व तापमान यांचे गणन करणारी मुक्तस्रोत आज्ञावली. म्यूनिकच्या एमटीयू एअरो इंजिन्स या विमान-एंजिन कंपनीतील अभियंत्यांनी ती फावल्या वेळात रचली. ‘सीसीएक्स’ हा गणन करणारा भाग ग्विडो डोंट यांचा, तर प्रतिमान रचण्याचा व निष्कर्ष दाखवण्याचा ‘सीजीएक्स’ हा भाग क्लाउस विटिग यांचा. आरंभ १९९८ च्या सुमाराचा मानतात. परवाना जीपीएल (मुक्त आज्ञावलींचा सार्वजनिक परवाना), दुसरी आवृत्ती.

मूळ पद्धतीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. गणिती मंडळी रिचर्ड कूरांट यांच्या १९४३ च्या त्रिकोणी तुकड्यांवरील लेखाकडे बोट दाखवतात. चीनमध्ये फंग कांग यांनी १९६० च्या दशकात ती स्वतंत्रपणे मांडली. अभियंत्यांच्या दृष्टीने टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा विमानरचनेच्या दृढतेवरील १९५६ चा लेख अधिक जवळचा वाटतो. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नावही क्लफ यांनीच १९६० मध्ये दिले.

एंजिनघराचा ठसा कॅल्क्युलिक्सवर स्पष्ट दिसतो. पाती बसवलेल्या चकतीचा एकच खंड घेऊन चक्रीय सममितीने (सगळे खंड सारखेच असल्याने) पूर्ण चकतीची कंपने काढता येतात. घन (त्रिमितीय) घटकांवर भर इतका, की पातळ पत्र्यासाठीचे कवच-घटक आणि तुळई-घटकही गणनापूर्वी आतल्या आत घन घटकांत फुगवले जातात : आठ नोडांचा (घटकाच्या कोपऱ्यांवरील व कडांवरील बिंदूंचा) कवच-घटक वीस नोडांचा ठोकळा होतो. दोन पत्रे काटकोनात भेटतात तिथे फुगवलेले ठोकळे एकमेकांत घुसतात. म्हणून तिथले नोड एका दृढ ‘गाठी’त बांधले जातात. गाठीलगतचे प्रतिबल खरे मानू नये. वेल्डच्या सांध्यापाशीचेच प्रतिबल हवे असेल, तर सांधा मुळातच घन घटकांत रचावा, हे मत अधिक ग्राह्य आहे.

इनपुट ही साधी मजकूर फाइल असून तिची धाटणी अबॅकस या व्यापारी आज्ञावलीसारखी आहे : नोड, घटक, पदार्थ, मग भार. एककांची तपासणी होत नाही. मिलिमीटर, न्यूटन व सेकंद धरल्यास पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २,१०,००० आणि घनता ७.८५×१०⁻⁹ (टन प्रति घन मिमी) लिहावी लागते. सवयीने ७८५० (किलो प्रति घन मीटर) लिहिले, तर गणन बिनतक्रार पार पडते आणि वारंवारता दहा लाख पटींनी कमी येते.

सीजीएक्समध्ये आज्ञा चित्राच्या खिडकीवर कर्सर ठेवून टंकायच्या, अक्षरे मात्र टर्मिनलमध्ये उमटतात. नवखा माणूस इथेच गोंधळतो. त्यामुळे अनेकजण फ्रीकॅड किंवा प्रीपोमॅक्स या इतर आज्ञावलींच्या खिडक्यांतून सीसीएक्स चालवतात.