पलंगानं दिलेलं दुखणं

न्यूमोनिया बरा होतो, डिस्चार्ज मिळतो, आणि स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेलेली आजी व्हीलचेअरवर घरी येते. रात्री बरळते, संडासला जायला दोघांचा आधार लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. पण यात त्या आठ-दहा दिवसांच्या पलंगाचाही वाटा असतो, आणि हे वैद्यकाला फार उशिरा उमगलं.

एकोणिसाव्या शतकात विश्रांती हेच मोठं औषध होतं. पुढेही कित्येक वर्षं हार्ट अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठू देत नसत.

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या वर्कहाउसचा, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्याचा, दवाखाना आला. त्यात सातशेवर रुग्ण होते. बरेचसे म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, धड निदानही न झालेले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, व्यायाम दिला, उठवलं, चालवलं. कायमचे गेले असं समजलेले कितीतरी जण घरी परतले. वृद्धवैद्यकाचा पाया इथे घातला गेला असं मानतात, आणि ते योग्यच आहे. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पलंगाचे धोके अवयवागणिक मांडले: पायात रक्ताची गुठळी, आखडलेले सांधे, ठिसूळ हाडं, बेडसोअर, बद्धकोष्ठता, खचलेलं मन.

हे एकात एक कसं गुंतत जातं, ते १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्टन क्रेडिटर यांनी उलगडलं. उतारवयात तहान कमी लागते, त्यात पाण्याचा तांब्या हाताशी नसतो. अंगातलं पाणी घटतं, उठताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते. पडतील या भीतीनं कठडे लावतात, मग कॅथेटर किंवा डायपर, त्यातून जंतुसंसर्ग. स्नायू तर झपाट्यानं झडतात. २००७ मधल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळपास किलोभर मांस उतरलं. आजारी माणसाचं काय होत असेल!

बरळण्यावर येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनूये यांनी काम केलं. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांच्या त्यांच्या अभ्यासात (१९९९) उपाय अगदी घरगुती होते: चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवणं, आज वार कोणता ते सांगत राहणं, दिवसातून चालवणं, पाणी पाजणं, झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीला मालिश. भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं.

तिथे या कामासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले. आपल्याकडे पलंगाशेजारी मुलगी, सून, नातू असतातच. फक्त त्यांना कुणी हे सांगत नाही. उलट आयसीयूत नेताना चष्मा, कवळी, कानातलं यंत्र पिशवीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. ती पिशवी घरी नेऊ नये. माणूस शुद्धीवर आला की चष्मा कधी लावायचा, खुर्चीत कधी बसवायचं, हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.