अशनी शोधताना लोखंड वगळू नका

१९९५ साली अ‍ॅरिझोनातल्या गोल्ड बेसिन भागात जिम क्रीग हे निवृत्त प्राध्यापक मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधत होते. यंत्र वाजलं, पण हाती आले तपकिरी, गंजकट दगड. ते फेकून न देता त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात दाखवले, आणि निघाले अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले दगड! पुढे त्या परिसरात हजारो तुकडे मिळाले. मूळ दगड सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोसळला होता.

सोन्याच्याच यंत्राला ते सापडले, यात नवल नाही. बहुतेक अशनी दगडी असतात आणि त्यांच्यात लोह-निकेल मिठाच्या कणांसारखं विखुरलेलं असतं. इतके बारीक कण टिपायला उच्च वारंवारतेचं, म्हणजे साधारण ४५ ते ७० किलोहर्ट्झचं यंत्र लागतं. नाणी शोधायची यंत्रं बरीच खालच्या वारंवारतेवर चालतात. शिवाय त्यांच्यात खिळे-पत्रे वगळणारं डिस्क्रिमिनेशन असतं. ते चालू ठेवलंत तर अशनीही कचऱ्यातच जमा होईल. ते बंद करा, कॉइल (यंत्राच्या टोकाची तारेची चकती) जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा आणि प्रत्येक आवाजाला उकरा. दिवसभर खिळेच निघतील, पण त्याला इलाज नाही.

कॉइल मोठी असेल तर खोलवरचं कळतं, बारीक तुकडे मात्र निसटतात. कॅन्ससमधल्या ब्रेनहॅमच्या शेतात २००५ साली जवळपास दोन मीटर खोलीवरून सुमारे ६५० किलोचा अशनी निघाला, तो गाडीमागे ओढलेल्या भल्यामोठ्या कॉइलमुळे.

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावर मात्र हे काम अवघड. या कातळातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे यंत्र उगाच कुरकुरतं, म्हणून जमिनीचा आवाज दाबणारा ग्राउंड बॅलन्स पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो.

यंत्र गप्प राहिलं म्हणून दगड सोडूनही देऊ नये. १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला अशनी मंगळावरचा आहे आणि त्यात धातुरूप लोखंड जवळपास नाहीच. असा दगड डोळ्यांनीच ओळखावा लागतो: ताजा असेल तर त्यावर जळाल्याची पातळ काळी साल दिसते.

आणि एक कळकळीची विनंती. सापडलेल्या दगडाला जोरदार लोहचुंबक लावू नका. मंगळावरच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ अशनीच्या तुकड्यांना अशीच चुंबकं लावली गेली आणि त्यांच्यात कोट्यवधी वर्षं टिकलेली प्राचीन चुंबकत्वाची नोंद पुसली गेली. चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे दगड चुंबकाला किती दाद देतो ते, मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र मिळतं. त्याने दगडाची परीक्षा होते आणि ती नोंदही शाबूत राहते.