गुळगुळीत म्हणजे रिकामी? समूहातल्या बटू दीर्घिका आणि त्यांच्या धुळीची पार्श्वभूमी

युक्लिड या अवकाश दुर्बिणीच्या सुरुवातीच्या चित्रांवरून 2024 मध्ये दीर्घिकांच्या ययाती समूहातल्या बटू, म्हणजे लहान आणि फिकट दीर्घिकांची यादी तयार झाली. सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षांवरच्या या समूहात 1100 बटू हाती लागल्या आणि त्यांतल्या 96 टक्के एकाच खान्यात गेल्या: बटू लंबगोल. आकडा इतका एकतर्फी आहे की दाट समूहात बटूंचं काहीतरी होतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वाद आहे तो नेमकं काय होतं आणि किती वेळात होतं यावर. या वादात ताऱ्यांमधल्या धुळीची साक्ष फार उशिरा काढली गेली. त्या उशिराचं मूळ बऱ्याच अंशी 1985 च्या एका वर्गीकरणात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन अतिमंद बटू 1938 मध्ये सापडल्या आणि एवढ्या फिकट, वायूविरहित दीर्घिका असू शकतात हे कळलं. देवयानी दीर्घिकेची सोबतीण एनजीसी 205 आधीपासून ठाऊक होती. ती लंबगोल, पण केंद्राजवळ धुळीचे काळे डाग. हे डाग पुढे बराच काळ 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवले गेले. 1950 च्या दशकात कोमा समूहाच्या मागचे दूरचे समूह अपेक्षेपेक्षा कमी दिसतात, म्हणजे मध्ये धूळ असावी, असा एक दावा झाला. पुढच्या काटेकोर मोजमापांत तो फारसा टिकला नाही. समूहांतल्या मोकळ्या जागेत धूळ असलीच तर फारच विरळ आहे.

सिद्धान्ताची बाजू 1972 पासून सुरू होते. समूहात कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो, हे क्ष-किरण उपग्रहांनी नुकतंच दाखवलं होतं. अशा वायूतून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर वाऱ्याचा दाब पडणार, आणि तो वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग इतका असणार. हा दाब दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाला भारी पडला की तिचा वायू निघून जातो. हेच रॅम प्रेशर. मूळ गणित मोठ्या सर्पिल दीर्घिकांसाठी होतं, पण गुरुत्वाकर्षण जिथे मुळातच कमजोर तिथे ते आणखी जोरात लागू होतं. 1980 मध्ये दुसरी कल्पना आली: समूहात शिरताच बाहेरून येणारा ताज्या वायूचा पुरवठा तुटतो आणि दीर्घिका उरलेला साठा हळूहळू संपवते. 1996 मध्ये तिसरी: वेगाने शेजारून जाणाऱ्या दीर्घिकांचे वारंवार धक्के लहान दीर्घिकेची तबकडी विस्कटून टाकतात.

धुळीच्या दृष्टीने तिन्हींची भाकितं वेगळी आहेत, निदान कागदावर. रॅम प्रेशर बाहेरून आत सोलत जातं, म्हणून धूळ शेवटी केंद्रात उरावी. पुरवठा तुटला तर वायू आणि धूळ दोन्ही सगळीकडून सावकाश आटावेत. धक्क्यांमुळे वायू केंद्राकडे ढकलला जातो, म्हणजे तिथेही शेवटी धूळ मध्यभागीच. पहिलं आणि तिसरं उत्तर सारखंच दिसतं, ही अडचण नीट लक्षात घ्यायला हवी. केंद्रात धूळ सापडली म्हणून रॅम प्रेशर सिद्ध झालं, असं अनेक ठिकाणी सहज लिहिलेलं आढळतं. तसं होत नाही.

आता 1985. सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षांवरच्या कन्या समूहाची मोठी यादी त्या वर्षी छापली गेली. चिलीतल्या 2.5 मीटर दुर्बिणीने घेतलेल्या 67 फोटोप्लेट, 140 चौरस अंश आकाश, 2096 दीर्घिका. त्यांतल्या 1277 समूहाच्या सदस्य आणि 574 संभाव्य सदस्य ठरल्या. आजही या समूहातल्या दीर्घिकांना आपण याच यादीतल्या क्रमांकांनी ओळखतो. काम अफाट होतं आणि ते केलं गेलं डोळ्यांनी: प्लेट भिंगाखाली ठेवायची, आकार पाहायचा, वर्ग लिहायचा. बहुतेक बटूंचा वेग तेव्हा मोजलेलाच नव्हता, त्यामुळे दीर्घिका समूहातली की मागची, हेसुद्धा मुख्यतः दिसण्यावरून ठरलं. फिकट, गुळगुळीत, कडेला विरत जाणारी, की ती बटू लंबगोल आणि म्हणून सदस्य.

इथे दोन निर्णय एकात मिसळले. गुळगुळीतपणा हे दिसण्याचं लक्षण. 'लंबगोल' हा शब्द मात्र मोठ्या लंबगोल दीर्घिकांशी नातं सांगतो आणि त्यांच्याबरोबर एक गृहीतही घेऊन येतो: म्हाताऱ्या ताऱ्यांचा गोळा, आत वायू नाही, धूळ नाही. गंमत अशी की त्याच 1985 साली दुसऱ्या बाजूने नेमका उलटा मुद्दा मांडला गेला. केंद्रातली तेजस्विता आणि एकूण तेज यांचा आलेख काढला तर या बटू मोठ्या लंबगोलांच्या रेषेवर बसत नाहीत. त्या बसतात अनियमित, वायूने भरलेल्या बटूंच्या शेजारी. अर्थ सरळ होता. या लहान लंबगोल नव्हेतच, वायू गमावलेल्या तबकड्या आहेत, आणि त्यांना लंबगोल म्हणणंच चुकीचं. 2003 मध्ये त्यालाही उत्तर आलं: आलेखातली फट दिसते ती मोजण्याच्या पद्धतीमुळे, मुळात रेषा अखंड आहे. काहींनी 'गोलाभ' हा वेगळा शब्द धरला, काहींनी नुसतं 'प्रारंभिक प्रकारच्या बटू' म्हणत वाद टाळला. आज एकाच दीर्घिकेला तीन शोधनिबंधांत तीन वर्ग मिळतात आणि आकडेवारी जुळवणाऱ्याचा जीव जातो.

माझ्या मते फट खरी की खोटी, यापेक्षा त्या खान्याने पुढची पंचवीस वर्षं काय पाहिलं जावं हे ठरवलं, ही गोष्ट मोठी आहे. बटू लंबगोल म्हणजे रिकामी, तर तिथे धूळ शोधायला दुर्बिणीचा वेळ कोण मागणार? 1983 मध्ये आकाशाचा अवरक्त नकाशा करणारा आयरास उपग्रह 100 मायक्रॉन लांबीच्या लहरींपर्यंतच पाहत होता, त्यामुळे 20 केल्विनच्या आसपासची थंड धूळ त्याला जवळपास दिसत नव्हती. 1990 च्या दशकातली आयएसओ दुर्बीण 170 मायक्रॉनच्याही पुढे पोचली. तिने कन्या समूहातल्या ज्या बटू पाहिल्या त्या वायूसमृद्ध, तारे घडवणाऱ्या होत्या. त्यांत अपेक्षेपेक्षा बरीच थंड धूळ निघाली. 2002 चा तो निकाल चांगलाच धक्का देणारा होता. गुळगुळीत बटूंकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

खाना पहिल्यांदा फुटला तो धुळीमुळे नाही. 2000 मध्ये कन्या समूहातल्या आयसी 3328 या बटूचं अंतर मोजायचं काम चालू होतं. त्यासाठी चित्रातून दीर्घिकेचा गुळगुळीत, सममित भाग वजा केला गेला. उरलेल्या चित्रात दोन सर्पिल भुजा होत्या. एकूण प्रकाशाच्या मानाने अगदी थोड्या, प्लेटवर कधीच न दिसणाऱ्या, पण स्पष्ट. 1985 च्या यादीत ही 'बटू लंबगोल' होती. त्यानंतर आकाश सर्वेक्षणाच्या डिजिटल चित्रांवर तीच कसरत घाऊक प्रमाणात झाली. कन्या समूहातल्या 476 बटू लंबगोलांपैकी 41 मध्ये तबकडी, भुजा किंवा दांडा यांच्या खुणा मिळाल्या. काहींचं केंद्र निळं निघालं, म्हणजे तिथे तारे अजून जन्मत होते किंवा अगदी अलीकडेपर्यंत जन्मत होते. अशा बटू समूहाच्या मध्यात दाटलेल्या नाहीत, त्या पसरलेल्या आहेत. नुकत्याच आत आलेल्या पाहुण्या असाव्यात तशा.

मग हर्शेल. 14 मे 2009 ला सुटलेल्या या दुर्बिणीचा आरसा 3.5 मीटरचा होता आणि ती 250, 350 आणि 500 मायक्रॉनला पाहू शकत होती. थंड धूळ चमकते ती याच पट्ट्यात. कन्या समूहाचं सुमारे 84 चौरस अंश आकाश तिने टिपलं. हे चित्र कसं असतं, हे सांगायला हवं. 250 मायक्रॉनला तिची नजर 18 विकलांपर्यंतच (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) बारीक होती. कन्या समूहाच्या अंतरावर याचा अर्थ साडेचार-पाच हजार प्रकाशवर्षं. बटूचा बराचसा प्रकाश तेवढ्याच परिसरात असतो. म्हणजे जिच्या धुळीचा इतिहास लिहायचा ती दीर्घिका नकाशावर जेमतेम एक ठिपका, आणि आजूबाजूला दूरच्या धुळकट दीर्घिकांचे तसेच शेकडो ठिपके. हा ठिपका हिचाच की मागच्या कुणाचा, हे ठरवण्यातच निम्मी मेहनत जाते.

2010 च्या पहिल्या निकालात गुळगुळीत बटूंपैकी फक्त दोनच धूळ असलेल्या सापडल्या: 1985 च्या यादीतल्या 781 आणि 951. दोन्हींत सूर्याच्या लाखपट वस्तुमानाच्या घरातली धूळ, तापमान 20 केल्विनच्या आसपास. शोधलेल्यांपैकी एक टक्कासुद्धा नाही. त्यावरून तेव्हा निष्कर्ष निघाला की समूह बटूंची धूळ वायूइतक्याच कार्यक्षमतेने काढून टाकतो. निष्कर्ष प्रामाणिक होता, पण पाया फारच अरुंद. पूर्ण सर्वेक्षणानंतर चित्र गुंतागुंतीचं झालं. धूळ असलेल्या गुळगुळीत बटू थोड्याच, पण ज्यांत आहे त्यांत ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या तुलनेत तिचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त. तारे घडवणाऱ्या बटूंमध्ये ज्यांचा हायड्रोजन कमी झालाय त्यांची धूळही कमी. मोठ्या सर्पिल दीर्घिकांमध्ये तर वायू जितका जास्त गेलेला, तितकं धूळ-हायड्रोजन गुणोत्तर वाढलेलं. कारण अणुरूप हायड्रोजन तबकडीच्या कडेपलीकडेही पसरलेला असतो आणि आधी तोच सोलला जातो. धूळ आतल्या दाट ढगांत दबा धरून बसते. एनजीसी 4402 या कन्या समूहातल्या सर्पिल दीर्घिकेत वाऱ्याच्या दिशेने ताणलेल्या धुळीच्या सरळ रेघा दिसतात. भोवतीचा विरळ वायू निघून गेल्यावर मागे राहिलेल्या दाट ढगांच्या त्या रेघा. बटूंमध्ये असे दाट ढग मुळात कमी, आणि जड मूलद्रव्यं कमी असल्याने वायूच्या मानाने धूळही कमी. म्हणून मोठ्या दीर्घिकांचा नियम जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही. तो लावला मात्र बऱ्याचदा जातो.

बदल घडताना पाहायचा तर आयसी 3418. कन्या समूहातली ही बटू मधोमध गुळगुळीत, तारे जन्मणं वीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच थांबलेलं, आणि मागे सुमारे 55 हजार प्रकाशवर्षं लांब शेपूट. अतिनील चित्रात त्या शेपटीत तरुण ताऱ्यांचे पुंजके चमकतात. दीर्घिकेत वायू नाही, पण तिच्यातून निघालेला वायू बाहेर वाटेत तारे घडवतोय! अनियमित बटूची लंबगोल बटू होताना याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि निदान या एका दीर्घिकेपुरतं तरी माझं मत रॅम प्रेशरच्या बाजूने पडतं. सगळ्यांचं तसंच झालं असं मात्र नाही. बऱ्याच बटू समूहात येण्याआधीच लहान गटांत राहून अर्ध्या बदललेल्या असतात.

बाहेर पडलेल्या धुळीचं पुढे काय? समूहाच्या तप्त वायूतले वेगवान आयन कणांवर आदळून त्यांचे अणू उडवत राहतात. हे गणित 1970 च्या दशकातलं. मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा कण दर घनसेंटिमीटरला एका कणाच्या हजारांश घनतेच्या वायूत साधारण 10 कोटी वर्षांत झिजून जातो. बटूला समूह एकदा ओलांडायला याहून बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा सोललेली धूळ आज उघड्यावर सापडणं कठीण. सापडलीच, तर ती थंड वायूच्या आडोशाला असणार किंवा अगदी ताजी.

29 एप्रिल 2013 ला हर्शेलची उपकरणं थंड ठेवणारं हेलियम संपलं आणि तिचं निरीक्षण थांबलं. त्यानंतर या पट्ट्यात एवढं आकाश पाहणारी दुर्बीण अवकाशात गेलेली नाही. जेम्स वेब दुर्बीण 28 मायक्रॉनच्या आसपास थांबते आणि 20 केल्विनची धूळ तिथे दिसतच नाही. चिलीच्या पठारावरचा मिलिमीटर लहरींचा अँटेना-संच पुरेसा तीक्ष्ण आहे, पण एका वेळी आकाशाचा इवलासा तुकडा पाहतो. त्यामुळे बटू एकेक करून निवडाव्या लागतात, आणि निवडताना निळ्या केंद्राच्या, म्हणजे दृश्य प्रकाशात आधीच संशयास्पद दिसणाऱ्या बटूंना पसंती मिळते. खरोखर गुळगुळीत दिसणाऱ्या शेकडो बटूंमध्ये हर्शेलच्या मर्यादेखाली किती धूळ आहे, हे तपासण्यासाठी अर्ज करणारे आजही थोडेच.