ड्रॉपर सीटपोस्ट असलेल्या माउंटन बाइकवर बाइकपॅकिंगचं सामान

ड्रॉपर सीटपोस्ट म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबून सीटवर वजन टाकलं की खाली जाणारा आणि वजन काढून पुन्हा दाबला की स्वतःच वर येणारा सीटचा दांडा. बाइकपॅकिंग म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, खाणं असं सगळं मऊ पिशव्यांत भरून ते सायकलच्या अंगालाच पट्ट्यांनी आवळायचं आणि मुक्कामी निघायचं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एका सायकलवर आले की सीटमागच्या जागेवरून भांडण ठरलेलं, कारण बाइकपॅकिंगमधली सगळ्यात मोठी पिशवी, म्हणजे सीट बॅग, जिथे लटकते नेमकी तीच जागा ड्रॉपरला खाली यायला लागते. कोल्हापूरकडे एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, भुदरगडच्या बाजूला मुक्कामी जाणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्याच पॅकिंगला पडतो.

उतारावर सीट खाली करायची कल्पना जुनीच. १९८४ मध्ये अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग आणली होती, सीटचं क्लॅम्प सैल केलं की ती सीट वर ढकलायची. आजच्यासारखे हँडलवरून चालणारे पोस्ट खऱ्या अर्थाने पसरले ते २०१० ला रॉकशॉक्सचा रिव्हर्ब आल्यानंतर. आत हवेचं किंवा गॅसचं प्रेशर आणि तेल असलेली कार्ट्रिज असते, बाहेरची नळी फ्रेममध्ये बसते (२७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ मिमी ही नेहमीची मापं) आणि आतली चकचकीत नळी तिच्यातून वरखाली सरकते, ३१.६ च्या पोस्टला ही आतली साधारण २५ मिमीची. दोन नळ्यांच्या तोंडाशी धूळ पुसणारं रबरी सील असतं. सामानवाल्याने लक्षात ठेवायची गोष्ट ती एवढीच, की आतली नळी गुळगुळीत राहिली पाहिजे.

नेहमीची सीट बॅग दोन ठिकाणी धरते, वर सीटच्या रेलला, म्हणजे सीटखालच्या दोन सळयांना, आणि खाली दांड्याला व्हेल्क्रोच्या पट्टीने. साध्या दांड्यावर काही अडचण नाही. ड्रॉपरवर मात्र ती पट्टी आतल्या नळीवर येते, पट्टीखाली धूळ अडकते आणि बॅग प्रत्येक खड्ड्याला डुलत असल्याने ती धूळ पॉलिश पेपरसारखी नळी घासत बसते. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ यात फार वाईट, दिसायला पावडर पण बोटात चोळली की खरखर लागते, आणि एकदा नळीवर ओरखडे पडले की सील फाटायला आणि पोस्ट अडकत चालायला वेळ लागत नाही. शिवाय पट्टीच्या रुंदीएवढी सीट कमी खाली जाते ते वेगळंच.

दुसरी अडचण टायरची, आणि खरं सांगायचं तर मोठी हीच. इथे अंदाज चालत नाही, टेप लावायचा. समजा सीट पूर्ण वर असताना रेलपासून मागच्या टायरपर्यंत ३३० मिमी अंतर आहे. १५० मिमीचा ड्रॉपर पूर्ण खाली केला की उरले १८०. त्यात १२० मिमी जाडीची बॅग लटकवली की टायरपासून ६० मिमी मोकळे, हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) ठीक. पण फुल सस्पेन्शन सायकल असेल आणि मागे १४० मिमी ट्रॅव्हल (वरखाली सरकायचं अंतर) असेल तर जोरात आपटल्यावर चाकच तेवढं वर येतं, म्हणजे १८० मधले जेमतेम ४० उरले आणि तिथे बॅग बसायचा प्रश्नच नाही. उंची कमी, फ्रेम लहान आणि चाकं २९ इंची असली की हार्डटेलवरही हीच गत. तपासायची पक्की पद्धत म्हणजे मागच्या शॉकमधली हवा सोडायची, सीट तळाला न्यायची, बॅग भरून लावायची आणि सीटवर दाब देऊन कुठे टेकतंय ते बघायचं. घरात उभ्या सायकलवर बघून "बसतीय की" म्हणणाऱ्यांच्या बॅगेला पहिल्या उतारावरच टायर भोक पाडतो. पावसाळ्यात शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला उसातल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर गेलात तर चिखल टायरला थराने चिकटतो आणि हे अंतर अजून कमी होतं, तेव्हा दोन बोटं जादाच ठेवा.

यावर उपाय तीन-चार आहेत. पहिला, ड्रॉपरसाठी बनवलेली छोटी सीट बॅग. रिव्हिलेट डिझाइन्सची व्होल ही त्यातली माहितीतली, या बॅगा मोठ्या सीट बॅगेच्या निम्म्याही नसतात, एक डाउन जॅकेट आणि रात्रीचे कपडे गेले की भरल्या. दुसरा, आतल्या नळीवर सीटच्या लगेच खाली एक कॉलर बसवायची आणि बॅगेची पट्टी त्या कॉलरवर आवळायची, म्हणजे नळीला पट्टी लागत नाही. वुल्फ टूथ कंपनीची व्हॅले नावाची अशी कॉलर मिळते, आणि कॉलर जेवढी उंच तेवढी सीट कमी खाली जाते हा तिचा दुसरा फायदाच, बॅग टायरला लागायच्या आधी पोस्ट थांबतो. तिसरा, पोस्टचा ट्रॅव्हलच कमी करणं, वनअप कंपनीच्या पोस्टमध्ये शिम (छोटे अडसर तुकडे) टाकून १० किंवा २० मिमी कमी करता येतात, पीएनडब्ल्यू कंपनीच्या काही पोस्टमध्येही सोय आहे.

कॉलरचं एक कोल्हापुरी उत्तर म्हणजे उद्यमनगर, शहरातली कारखान्यांची वसाहत. ज्या गावात पंपापासून इंजिनाच्या पार्टपर्यंत सगळं लेथवर निघतं तिथे नायलॉनच्या रॉडमधून एक रिंग काढून घेणं म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. पोस्ट सोबतच न्यायचा, टर्नर व्हर्नियर लावतो आणि म्हणतो, "आतलं भोक पंचवीसचंच ठेवतो दादा, मग मधनं चिरतो, म्हंजे बोल्ट आवळला की धरंल." बरोबर हेच पाहिजे. फक्त धातूची करून घेऊ नका, आतल्या कडा मारून गुळगुळीत करून घ्या आणि कॉलर हाताने फिरणार नाही एवढाच बोल्ट आवळा, ताकद लावलीत तर ज्या नळीला वाचवायला गेलात तिलाच चेपाल.

चौथा उपाय म्हणजे सीटचा नाद सोडून मागच्या अ‍ॅक्सलवर बसणारा रॅक, ओल्ड मॅन माउंटन कंपनीचे रॅक थ्रू-अ‍ॅक्सलवर (चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्यावर) बसतात, फ्रेमला भोकं असायची गरज नाही. इथे लोक एक गोष्ट विसरतात, रॅकवर उंच थप्पी लावली तर खाली आलेली सीट त्या थप्पीवरच बसते, म्हणून सामान आडवं आणि मागे सरकवून बांधायचं.

माझं मत विचाराल तर सीटमागे हलकं आणि थोडंच ठेवावं, बाकीचं फ्रेममध्ये आणि पुढे. सीटमागे चार किलो लटकले की ते ड्रॉपरलाही जड जातं, लिव्हर दाबल्यावर सीट वर यायला रेंगाळते, आणि बाजूला डुलून डुलून आतले बुशिंग (नळी सरळ धरणाऱ्या कड्या) आणि किल्ल्या (नळी गोल फिरू न देणाऱ्या बारीक पट्ट्या) ढिल्या होऊन सीट डावी-उजवी हलायला लागते. गवळ्याच्या सायकलीला किटल्या खाली, चाकाच्या बाजूला लोंबतात, सीटवर चढवून कोणी नेत नाही, तेच इथे. पाणी, स्टोव्ह, हत्यारं, गुळाची ढेप असलं जड सामान फ्रेम बॅगेत तळाला. तंबूचे पोल आणि मॅट हँडलच्या रोलमध्ये, म्हणजे हँडलला आडव्या बांधायच्या गुंडाळीत. फोर्कच्या दोन्ही पायांना बाटलीच्या स्टँडपेक्षा मोठे केज (सामान धरणारे पिंजरे) लावून त्यात एकेक पिशवी, सस्पेन्शन फोर्कला बहुधा बोल्टची भोकं नसतात, तेव्हा खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पट्ट्यांनी धरायचं, आणि फोर्क पूर्ण दाबला तरी पट्टी फोर्कच्या चकचकीत नळीवर येत नाही ना ते बघायचं.

हँडलचा रोल बांधताना ड्रॉपरची केबल हमखास गोत्यात येते. रोल आवळला की केबल मोडून दाबली जाते किंवा रोलचं टोक लिव्हरवर टेकून तो अर्धवट दाबलेला राहतो, मग सीट चढावर बसल्या बसल्या हळूहळू खाली जाते आणि माणूस कार्ट्रिज गेली म्हणून डोक्याला हात लावतो. आधी रोल सोडून बघा. केबल आणि रोलच्या मधे फोमचा छोटा तुकडा घातला की बहुतेक वेळा मिटतं. वायरलेस पोस्टला केबल नाही पण बॅटरी बऱ्याचदा सीटच्या मागेच असते, तिथे बॅगेची पट्टी जाईल का ते आधी लावून बघावं.

सायकल उचलायची सवयही बदलावी लागते. टेम्पोत चढवताना किंवा किल्ल्याच्या पायऱ्यांवर लोक सीटला नाहीतर सीट बॅगेलाच धरून उचलतात. सीट खाली असताना असं ओढलं तर काही पोस्टमध्ये गॅस तेलात शिरतो आणि नंतर सीट स्प्रिंगसारखी लवते, तेव्हा सीट वर करून मग फ्रेमला धरूनच उचला.

आता एवढं सगळं कशाला, ड्रॉपर वर ठेवूनच का जाऊ नये? जाता येतं की. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर डांबरी रस्ता, तिथे ड्रॉपर असला काय नसला काय. सीट वर, मोठी बॅग, कॉलर लावून आवळली की झालं, फक्त चुकून लिव्हर दाबू नका. पण पन्हाळ्यावरून मसाई पठार आणि पुढे पावनखिंडीकडे जाणारी वाट, तिथे जांभ्याचे दगड, ओढे आणि अचानक खाली जाणाऱ्या पायवाटा आहेत, तिथे सीट १०० मिमी तरी खाली गेली पाहिजे, नाहीतर भरलेली सायकल तुम्हाला हँडलवरून पुढे फेकते. राधानगरी अभयारण्य, १९५८ पासूनचं, तिकडे वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात त्यातला दाजीपूरचा भाग बंद असतो, तेव्हा मार्ग आखतानाच ते बघून घ्यावं. गगनबावड्याचा पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त, म्हणून जून ते सप्टेंबर सीट बॅग वॉटरप्रूफ असली तरी आत एक प्लास्टिकची पिशवी. एक गंमत, मोठी सीट बॅग मागच्या चाकाचा चिखल स्वतःवर घेते आणि ड्रॉपरची नळी स्वच्छ ठेवते, ती काढली की चिखल थेट सीलवर. अशा वेळी छोटं मडगार्ड लावावं, मुक्कामी पोचल्यावर नळी ओल्या फडक्याने पुसावी, आणि परत आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पाइप सीलवर मारू नये.

वाटेत ड्रॉपर मेलाच आणि सीट खालीच बसली तर पीव्हीसी पाइप शोधायचा. शेतात पाणी न्यायचा ३२ मिमीचा पाइप या भागात कुठल्याही गावात मिळतो, हवी तेवढी लांबी कापायची, ब्लेडने उभी चीर द्यायची, हाताने सीट वर ओढून तो तुकडा आतल्या नळीवर चढवायचा आणि दोन केबल टायने आवळायचा. सीट त्या पाइपवर टेकून वरच राहते, आणि वर बॅगेची पट्टीही बिनधास्त बांधता येते, नळीला पाइपचं कवच मिळालेलं असतं.